हास्याचा वकील : विल्यम होन

राजसत्तेला शस्त्राचे भय वाटते, हे आपण इतिहासात ठायी ठायी वाचतो. शस्त्राइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, भय तिला हसण्याचे वाटते, ही गोष्ट मात्र क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाही. शिवीगाळ करणाऱ्याला शासन करता येते, बंड करणाऱ्यावर सैन्य धाडता येते. परंतु सगळे गाव ज्याला पाहून हसू लागले आहे, त्या अधिकाऱ्याच्या हाती कोणते हत्यार उरते? दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधील एका कफल्लक पुस्तकविक्याने हा प्रश्न इंग्लंडच्या सरन्यायाधीशासमोर उभा केला. आणि ओळीने तीन दिवस, तीन खटल्यांत, वकिलाच्या साह्यावाचून झुंजून त्याने त्याचे उत्तर मिळवले. त्या पुस्तकविक्याचे नाव विल्यम होन.

आपल्या भाषेत होन म्हणजे सोन्याचे नाणे. शिवछत्रपतींचा होन आपण चित्रात तरी पाहिलेला असतो. या होनापाशी मात्र सोने जन्मात कधी टिकले नाही. त्याने दुकाने काढली ती बुडाली, पतपेढी काढली ती मोडली, कॉफीगृह चालवले तेही चालले नाही. दोनदा तुरुंगाची वाट त्याला चालावी लागली, एकदा लेखणीपायी आणि एकदा कर्जापायी. व्यवहाराच्या बाजारात न चाललेले हे नाणे इतिहासाच्या कसोटीवर मात्र खणखणीत वाजले. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

विल्यमचा जन्म ३ जून १७८० रोजी बाथ या गावी झाला. त्याच्या लहानपणीच कुटुंब लंडनला आले. वडील एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. ते अत्यंत धर्मनिष्ठ, पण इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या बाहेरील पंथाचे. मुलाला त्यांनी अक्षरओळख करून दिली ती बायबलातूनच. शाळेचा लाभ विल्यमला फारसा झाला नाही. तथापि बालपणीच्या दोन प्रसंगांनी त्याला जे शिकवले, ते कोणत्याही शाळेने शिकवले नसते.

त्यांतला पहिला प्रसंग असा. जॉन वेस्ली हे त्या काळचे विख्यात धर्मोपदेशक. परंतु विल्यमच्या वडिलांचा पंथ निराळा. त्यामुळे वेस्ली म्हणजे सैतानाचेच लेकरू, असे त्या मुलाने घरात ऐकलेले. विल्यमला शिकवणारी एक वृद्ध बाई आजारी पडली असता वेस्ली तिच्या समाचारास आले. मुलगा भयाने पाहत राहिला. आणि आत आला तो शुभ्र केसांचा, प्रसन्न मुद्रेचा, मृदू वाणीचा एक म्हातारा! वडीलधारी माणसे ज्याला सैतान म्हणतात तो सैतान असतोच असे नाही, आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि मग ठरवावे, हा धडा त्या दिवशी त्या मुलाच्या मनावर कोरला गेला.

दुसरा प्रसंग त्याहून साधा. पूर्वी वाण्याकडून जिन्नस आणला की तो रद्दीच्या कागदात बांधलेला असे. लंडनमध्येही तीच चाल होती. अशाच एका पुडीचा कागद विल्यमच्या हाती आला. ते कुठल्याशा जुन्या ग्रंथाचे सुटे पान होते. मुलाने ते वाचले, आणि पुढे काय झाले हे जाणून घेतल्यावाचून त्याला चैन पडेना. शोध करता करता कळले की, ते पान जॉन लिलबर्नच्या खटल्याच्या वृत्तांतातील आहे. पैसा पैसा साठवून त्याने तो ग्रंथ मिळवला. हा लिलबर्न सतराव्या शतकातील एक निर्भय पत्रककार. १६४९ च्या ऑक्टोबरात लंडनच्या गिल्डहॉलमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, त्याने स्वतःच आपली बाजू मांडली, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. वाचकांनी हे पान ध्यानात ठेवावे. त्याच गिल्डहॉलमध्ये आपल्याला पुन्हा जायचे आहे.

सोळाव्या वर्षी विल्यम ‘लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटी’चा सभासद झाला. सामान्य कारागिरांनाही मताचा अधिकार मिळावा म्हणून झटणारी ही संस्था सरकारच्या डोळ्यांत सलत होती. वडील घाबरले आणि मुलाची संगत तुटावी म्हणून त्यांनी त्याला चॅटम येथे कारकुनीवर धाडले. संगत तुटली, विचार तुटला नाही. १८०० साली लंडनला परतून त्याने सारा जॉन्सन हिच्याशी विवाह केला आणि लॅम्बेथ भागात पुस्तकांचे लहानसे दुकान व फिरते वाचनालय काढले. पुढे गोरगरिबांची बचत सुरक्षित राहावी म्हणून एका मित्रासह त्याने पतपेढीचा उद्योग मांडला. कल्पना उदात्त होती. गाठीचे पैसे मात्र बुडाले. घरात मुलांची संख्या वाढत होती आणि दारात सावकारांची. पण दुसऱ्याच्या दुःखासाठी धावून जाण्याची सवय काही सुटेना.

१८१४ च्या सुमारास काही सहकाऱ्यांबरोबर तो वेड्यांच्या इस्पितळांची पाहणी करू लागला. लंडनच्या बेथलेम इस्पितळात जेम्स नॉरिस नावाचा एक रुग्ण त्यांना दिसला. गळ्याला आणि छातीला लोखंडी पट्टे आवळून त्याला खांबाशी जखडले होते, आणि ते काही एकदोन दिवस नव्हे, तर कित्येक वर्षे. त्या दृश्याचे चित्र प्रसिद्ध झाले, लोक हळहळले, आणि १८१५ साली पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. त्याच वर्षी एलिझा फेनिंग नावाच्या एका तरुण मोलकरणीला मालकाच्या कुटुंबावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून फाशी झाली. विष घातले असे म्हणत, ते अन्न तिने स्वतःही खाल्ले होते. पुरावा लेचापेचा होता. होनने त्या खटल्याची कसून छाननी करून पुस्तक प्रसिद्ध केले. मुलगी परत येणार नव्हती. परंतु न्यायासनही चुकते, हे लोकांसमोर आले. या साऱ्या लेखनात विनोदाला जागा नव्हती. त्याचा विनोद पुढे जो उमटला तो या करुणेच्या मातीतून उमटला, एवढे येथे नमूद करणे अवश्य आहे.

आता १८१७ सालाकडे वळू. वॉटर्लूची लढाई होऊन दोन वर्षे झाली होती. नेपोलियन कैदेत होता, पण इंग्लंडमधील गरिबाच्या ताटात भाकरी नव्हती. सैनिक बेकार झाले होते, धान्याच्या कायद्याने परदेशी गहू अडवून जमीनदारांचे हित जपले होते, आणि पार्लमेंटात गरिबाचा प्रतिनिधी नव्हता. वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर चार पेन्सांचा कर होता. हेतू हाच की गरिबाने वाचूच नये. मार्च महिन्यात ‘हेबिअस कॉर्पस’चा कायदा तहकूब झाला, म्हणजे कोणालाही चौकशीवाचून डांबून ठेवण्याची मोकळीक सरकारला मिळाली. विल्यम कॉबेटसारखा खंदा पत्रकार अमेरिकेला निघून गेला. अशा काळात होनने दोन पेन्सांचे ‘रिफॉर्मिस्ट्स रजिस्टर’ हे साप्ताहिक चालवले आणि त्याचबरोबर तीन छोटी विडंबने छापली.

येथे विडंबन म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे. कारण पुढचा सारा खटला याच एका प्रश्नावर उभा आहे. मराठी वाचकाला विडंबन म्हटले की आचार्य अत्रे यांची ‘झेंडूची फुले’ आठवतात. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संग्रहात त्यांनी तत्कालीन कवींच्या कवितेचाच साचा उचलून त्या कवितेचीच थट्टा केली. होनने साचे उचलले ते प्रार्थनापुस्तकातले. पहिले विडंबन धर्मप्रश्नोत्तरीचे. गोमंतकातील वाचकाला ही प्रश्नोत्तरी अपरिचित नाही. मूळचे इंग्लंडचेच असलेले फादर स्टीफन्स यांनी कोकणीत लिहिलेली ‘दौत्रिना क्रिस्तां’ १६२२ साली राशोल येथे छापली गेली, ती याच जातीची. दुसरे विडंबन लिटनीचे, म्हणजे आपल्या गावोगावच्या खुरसापाशी जिला आपण लादीन म्हणतो तिचे; एकाने विनवणी करावी आणि सर्वांनी पालुपद म्हणावे, अशी तिची रचना. तिसरे होते श्रद्धासूत्राचे.

या तीन साच्यांत होनने काय ओतले? प्रश्नोत्तरीत देवाच्या जागी मंत्री आला, आणि त्याच्या मर्जीने निवडून आलेला पार्लमेंटचा सभासद त्याच्या आज्ञा घोकू लागला. लादीनेत जनता राज्यकर्त्यांना विनवू लागली की, करांपासून, लाचखाऊंपासून आणि फुकटच्या नेमणुकांपासून आम्हाला सोडवा. श्रद्धासूत्रात काम न करता पगार खाणारा एक अधिकारी तीन बड्या मंत्र्यांवर अढळ निष्ठा प्रकट करू लागला. ज्याच्या त्याच्या तोंडी ही पत्रके झाली. लहानपणापासून पाठ असलेली चाल आणि तीत बसवलेले नवे शब्द! हसू आवरणार कसे?

परंतु या पत्रकांनी काही श्रद्धाळू मने दुखावली जात आहेत, असे होनच्या कानी आले. विक्री जोरात होती, पदरी पोरेबाळे होती, पैशाची निकड होती. तरीही १८१७ च्या फेब्रुवारीतच त्याने तिन्ही पत्रकांची विक्री थांबवली. मागून कोणी चढा भाव देऊ लागले, तरी त्याने प्रत दिली नाही. हे त्याने खटल्याच्या भीतीने केले नव्हते, कारण तोवर खटला झालाच नव्हता. थट्टा मंत्र्यांची करायची होती, देवाची नव्हे. इतका विवेक त्याच्यापाशी होता.

सरकारला मात्र त्या विवेकाशी कर्तव्य नव्हते. मंत्र्यांची टवाळी केली, असा आरोप ठेवावा तर कोर्टात ती टवाळी पुन्हा वाचावी लागणार आणि पुन्हा लोक हसणार. म्हणून धर्मनिंदेचा आरोप सोयीचा ठरला. ३ मे रोजी होनला पकडण्यात आले. सुमारे दोन महिने तो ‘किंग्ज बेंच’ तुरुंगात होता, आणि तेथूनही साप्ताहिकाचे अंक काढत होता. अखेर डिसेंबरात खटले उभे राहिले. तीन पत्रके, तीन खटले, तीन दिवस : १८, १९ आणि २० डिसेंबर १८१७. स्थळ, लंडनचे गिल्डहॉल.

पहिल्या दिवशी न्यायासनावर न्यायमूर्ती ॲबट होते. सरकारतर्फे ॲटर्नी जनरल सर सॅम्युअल शेपर्ड. आरोपीच्या बाजूला कोणी नाही. वकील देण्याची ऐपत नव्हती. झिजून विटलेला काळा पोशाख, खंगलेला चेहरा, आणि मेजावर जुन्या पुस्तकांची ही चळत! लोकांना वाटले, हा पुस्तकविक्या येथेही दुकान मांडतो आहे की काय. होन बोलावयास उभा राहिला आणि सुमारे सहा तास बोलत राहिला.

त्याचा मुद्दा एकच होता, पण तो त्याने नाना बाजूंनी फिरवून दाखवला. विडंबने दोन प्रकारची असतात. एकात ज्या लेखाचा साचा घेतला, त्या लेखालाच हसायचे असते. दुसऱ्यात साचा हे केवळ पात्र असते आणि हसायचे असते ते भलत्याच कोणाला. आपली पत्रके दुसऱ्या प्रकारची आहेत. आणि हा प्रकार गुन्हा असेल तर गुन्हेगारांच्या यादीत आपले नाव शेवटी घालावे लागेल. मग त्याने एकेक पुस्तक उघडून दाखवण्यास आरंभ केला. मार्टिन ल्यूथरसारख्या धर्मसुधारकाने पवित्र वचनांच्या धर्तीवर विडंबन लिहिले होते. बिशप लॅटिमरनेही तशा तऱ्हा वापरल्या होत्या. आणि या साऱ्यांवर कळस चढवणारे नाव निघाले ते जॉर्ज कॅनिंगचे. ‘अँटी-जॅकोबिन’ या पत्रातून वीस वर्षांपूर्वी अशीच विडंबने प्रसिद्ध करणारे कॅनिंगमहाशय या वेळी मंत्रिमंडळात बसले होते आणि हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष होते! तेच काम सरकारच्या बाजूने केले तर मंत्रिपद आणि विरुद्ध बाजूने केले तर तुरुंग, हा कोठला न्याय, असा त्या साऱ्या विवेचनाचा मथितार्थ होता. उदाहरणे वाचली जात होती आणि कोर्टात हशा पिकत होता. हशा थांबवण्याच्या आज्ञा सुटत होत्या. पण हसणारे शेकडो आणि शिपाई मोजके. ज्यूरीने पाव तासाच्या आत निकाल दिला : निर्दोष.

सरकारने येथे थांबावयास हवे होते. ते थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो, प्रकृती ठीक नसतानाही, स्वतः न्यायासनावर येऊन बसला. कडक शिस्तीचा, आरोपींना दरारा वाटावा असा हा न्यायाधीश. हसणाऱ्याला पकडून आपल्यापुढे आणा, असे त्याने शेरीफांना बजावले. होनला त्याने वारंवार अडवले, जुन्या पुस्तकांतील दाखले गैरलागू ठरवले. होन नम्रपणे ऐकून घेई आणि पुढचे पुस्तक उघडी. त्या दिवशी तो सुमारे सात तास बोलला. न्यायाधीशाने ज्यूरीला स्पष्ट सांगितले की, आपल्या मते हे लेखन धर्मनिंदक आहे. ज्यूरी जवळजवळ दोन तास आत बसली, आणि बाहेर येऊन तिने पुन्हा तोच निकाल दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी होनच्या अंगात त्राण उरले नव्हते. त्याची अवस्था पाहून ॲटर्नी जनरलनेच खटला पुढे ढकलण्याची तयारी दाखवली. होन क्षणभर घुटमळला. पण मग त्याने ती सवलत नाकारली. आणि आश्चर्य असे की, त्या दिवशी तो सर्वांत अधिक, सुमारे आठ तास बोलला. श्रद्धासूत्राच्या चर्चेत त्याने एक घाव असा घातला की न्यायासनही हलले. ज्या सूत्राच्या विडंबनाबद्दल हा खटला होता, त्या सूत्राबद्दल खुद्द सरन्यायाधीशाचे दिवंगत वडील, कार्लाइलचे बिशप, यांनाच शंका होत्या, याची त्याने आठवण दिली. निदान सभ्यतेखातर तो विषय टाळावा, एवढेच लॉर्ड एलनबरोला म्हणता आले. वीस मिनिटांत ज्यूरी परतली. निर्दोष! आत आणि बाहेर असा काही जयघोष उठला की त्याचा प्रतिध्वनी त्या रात्री लंडनभर घुमत राहिला.

रद्दीतले एक पान वाचून हेलावलेला तो मुलगा, लिलबर्न जेथे निर्दोष सुटला त्याच गिल्डहॉलमधून, त्याच रीतीने स्वतःचा वकील होऊन बाहेर पडला. लॉर्ड एलनबरो पुढे वर्षभरातच, डिसेंबर १८१८ मध्ये, निवर्तला. होनच्या खटल्यांनीच त्याला खचवले, असे लोकांत बोलले जाई. आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना कॅनिंग आणि एलनबरो ही दोन्ही नावे परिचित वाटतील. त्याचे कारण असे की, या दोघांचेही पुत्र पुढे हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झाले.

या विजयाचे श्रेय होनच्या वाणीला आहे तितकेच त्या ज्यूरींनाही आहे. सरन्यायाधीशाने आपले मत स्पष्ट सांगितल्यावरही त्यांनी आपल्या बुद्धीला साक्ष ठेवून निकाल दिला. १९०८ साली मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्यूरींपैकी सातांनी त्यांना दोषी ठरवले आणि दोघांनीच निर्दोष म्हटले, हे आठवले म्हणजे त्या लंडनकर पंचांचे मोल अधिकच ध्यानात येते.

लोकांनी वर्गणी काढून होनला तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम अर्पण केली. त्यातून १८१८ साली त्याने लडगेट हिलवर नवे दुकान थाटले, आणि जॉर्ज क्रूकशँक या तरुण चित्रकाराशी त्याची जोडी जमली. त्या काळी एक पौंडाची खोटी नोट खपवणाऱ्याला फाशी होई. पुष्कळदा ती नोट खोटी आहे हे त्या गरिबाला ठाऊकही नसे. १८१९ च्या जानेवारीत या दोघांनी एक नोट छापली. दिसायला बँकेच्या नोटेसारखी, पण तिच्यावर फासावर लटकणाऱ्या माणसांची रांग आणि सहीच्या जागी फाशी देणाराचे नाव. दुकानापुढे एवढी गर्दी लोटली की रस्ता अडला. खोट्या नोटांसाठी फाशी देण्याची चाल पुढे १८३० च्या दशकात बंद झाली.

त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी मँचेस्टरला मताधिकाराची मागणी करण्यासाठी हजारो स्त्रीपुरुष शांतपणे जमले असता घोडेस्वारांनी त्यांच्यावर तलवारी चालवल्या. कित्येक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. वॉटर्लूच्या विजयाची कुचेष्टा म्हणून लोक या कत्तलीला ‘पीटर्लू’ म्हणू लागले. सरकारने अपराध्यांना शासन करण्याऐवजी छापखान्यांचीच मुस्कटदाबी करणारे कायदे आणले. होनने त्यावर लिहिलेले पुस्तक म्हणजे ‘द पोलिटिकल हाउस दॅट जॅक बिल्ट’. जॅकने बांधलेल्या घराचे एक बालगीत इंग्लंडमधील प्रत्येक मूल म्हणत असे. प्रत्येक कडव्यात मागची सारी साखळी येते आणि एक नवी कडी जोडली जाते. या वेळी त्याने धर्मग्रंथाला हात लावला नाही, तर पाळण्यातल्या गाण्याचा साचा घेतला. घर म्हणजे इंग्लंड, त्यातील ठेवा म्हणजे जनतेचे हक्क, तो ठेवा कुरतडणारी घूस-उंदरे म्हणजे दरबारी, आणि त्या घूस-उंदरांवरील जालीम औषध म्हणजे, चित्रात दाखवल्याप्रमाणे, एक छापखाना! थोड्याच महिन्यांत त्याच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या. न वाचता येणाऱ्यांनी चित्रे पाहिली, वाचता येणाऱ्यांनी त्यांना म्हणून दाखवले. सरकार जळफळले, पण गिल्डहॉलची आठवण ताजी होती. पुन्हा होनवर खटला भरण्याचे धाडस झाले नाही. १८२० साली राजा चौथा जॉर्ज आपल्या राणीपासून घटस्फोट मिळवण्याच्या खटपटीत असता या जोडीने राजालाही सोडले नाही. त्याच वर्षी क्रूकशँकला राजाकडून शंभर पौंड देण्यात आले ते चित्रे काढण्यासाठी नव्हे, तर तसली चित्रे न काढण्यासाठी. हास्याची किंमत राजदरबाराने अशी रोखीने मान्य केली!

यानंतर होनचे मन हळूहळू राजकारणातून निघून जुन्या ग्रंथांत रमू लागले. विडंबनाचा समग्र इतिहास लिहावा म्हणून त्याने अपार साहित्य जमवले, पण तो ग्रंथ कधीच पुरा झाला नाही. १८२५ पासून त्याने ‘एव्हरी-डे बुक’ हे साप्ताहिक प्रकाशन आरंभले. वर्षातील प्रत्येक दिवसाचे सण, जत्रा, लोकरूढी, म्हणी, जुने खेळ यांचा तो खजिना आहे. आपल्याकडे जशा शिगमो, धालो, कालो, तशा इंग्लंडातील खेड्यापाड्यांच्या चालीरीती त्याने नष्ट होण्यापूर्वी टिपून ठेवल्या. निबंधकार चार्ल्स लॅम्ब हा त्याचा स्नेही. पुस्तक त्यालाच अर्पण केले आहे. राजकारणात विरुद्ध टोकाला असलेला राजकवी सदे यानेही पुढे या ग्रंथाची जाहीर प्रशंसा केली. परंतु प्रशंसेने देणी फिटत नाहीत. १८२६ साली कर्जापायी होनला पुन्हा किंग्ज बेंचच्या हद्दीत बंदिस्त व्हावे लागले, आणि मोठ्या हौसेने जमवलेली पुस्तके विकावी लागली. तेथूनच तो पुस्तकाचे भाग लिहीत राहिला. पुढे मित्रांनी त्याला एक कॉफीगृह काढून दिले, तेही चालले नाही. अर्धांगाचे झटके आले. उतारवयात तो श्रद्धेकडे वळला, एका प्रार्थनामंदिराचा निष्ठावंत सभासद झाला, आणि एका धार्मिक वृत्तीच्या पत्रात उपसंपादकाचे काम करू लागला. ज्याला धर्मनिंदक म्हणून तीनदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्याचा शेवट असा झाला.

८ नोव्हेंबर १८४२ रोजी टॉटनम येथे त्याचे निधन झाले. लंडनच्या ॲबनी पार्क दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. अंत्ययात्रेत जुना साथी क्रूकशँक होता, आणि त्याच्याबरोबर तीस वर्षांचा एक कादंबरीकार होता. त्याचे नाव चार्ल्स डिकन्स. गरिबांच्या दुःखावर हसता हसता रडवणारी लेखणी जणू एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रातून कोणी असा अर्थ काढू नये की, कशाचीही आणि कोणाचीही थट्टा करणे हा पराक्रम आहे. होन कधी दुबळ्याला हसला नाही. बेथलेममध्ये साखळदंडात जखडलेल्या माणसाला पाहून त्याला हसू आले नाही, राग आला. तो हसला तो ज्यांच्या हाती साखळीची किल्ली होती त्यांना. आणि आपल्या थट्टेने निरपराध श्रद्धाळू दुखावले, असे कळताच त्याने ती स्वतः मागे घेतली. विनोदाची ही दोन पथ्ये पाळली, म्हणूनच तो न्यायाधीशाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकला.

आज आपण काहीही लिहितो, छापतो, हसतो, आणि त्यात विशेष काही केले असे आपल्याला वाटत नाही. गोमंतकात १९६१ पूर्वी छापायचा प्रत्येक मजकूर आधी सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जात असे. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही त्याला अपवाद नव्हत्या, असे वडीलधारे सांगतात. त्या माणसांना होनच्या खटल्याचे मोल सांगावे लागत नाही. ज्यांना तो काळ ठाऊक नाही, त्यांनी मात्र ते समजून घेतले पाहिजे.

आणि शेवटी ते रद्दीचे पान. त्या काळी ते किती हातांतून गेले असेल आणि किती जणांनी ते चुरगळून फेकले असेल, कोण जाणे! एका मुलाने ते वाचले, एवढेच. म्हणून आपल्या हाती कधी एखादे फाटके, मळके, मागचापुढचा संदर्भ नसलेले पान आले, तर ते टाकण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे.